तार कोणाची?

‘जरा हॉटस्पॉट दे ना’ हे वाक्य आता आपल्याकडे ‘जरा पाणी दे’ इतके सहज झाले आहे. एसटीत, कॉलेजच्या कट्ट्यावर, दवाखान्याच्या बाकावर कुठेही ते कानी पडते. एकजण खिशातला फोन काढतो, पडद्यावर बोट ठेवतो आणि शेजाऱ्याचा लॅपटॉप जगाशी जोडला जातो. या कृतीत काही इतिहास असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. मात्र फोनच्या तारेतून बोलण्याखेरीज दुसरे काही पाठवायचे की नाही, आणि ते ठरवायचे कुणी, यावरून साठ-सत्तर वर्षे भांडणे झाली आहेत. त्यात कोर्टकचेऱ्या झाल्या, दंड झाले. आजच्या या गप्पा त्या भांडणाविषयी आहेत.

मी पडलो कवी, तोही बी.ए. झालेला. विजेच्या वहनाचे नियम मला शाळेतही नीट पाठ नव्हते. पण शब्द इकडून तिकडे कसे जातात, या गोष्टीचे कवीला कुतूहल असतेच. त्या कुतूहलापोटी जे वाचले आणि पाहिले, ते सांगतो.

गोष्ट अमेरिकेत सुरू होते, कारण टेलिफोनच तिथला. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८७६ साली टेलिफोनचे पेटंट घेतले. पुढे बेल यांच्या नावाने चालणारी कंपनी त्या देशातल्या बहुतेक तारांची मालक झाली. तार कंपनीची, खांब कंपनीचा आणि तुमच्या टेबलावरचे यंत्रही कंपनीचेच. ग्राहकाने फक्त भाडे भरायचे आणि बोलायचे. त्या यंत्राला बाहेरची कुठलीही वस्तू जोडायची नाही, असा कंपनीचा सक्त नियम होता.

हा नियम किती सक्त होता पाहा. ‘हश-ए-फोन’ नावाची एक साधी वस्तू बाजारात होती. फोनच्या बोलायच्या बाजूला बसवायचा एक पेला. कचेरीत शेजारी बसलेल्याला तुमचे बोलणे ऐकू जाऊ नये, एवढाच त्याचा उपयोग. त्यात वीज नाही, तार नाही, काही नाही. कंपनीने त्यालाही हरकत घेतली, आणि सरकारी नियामकाने, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, कंपनीची बाजू उचलून धरली! शेवटी १९५६ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की ग्राहकाला स्वतःच्या सोयीसाठी फोन वापरायचा असेल आणि त्याने इतरांचे काही बिघडत नसेल, तर कंपनीने मध्ये पडू नये. एका पेल्यासाठी एवढे रामायण झाले; पण मंडळी, आजचा हॉटस्पॉट ज्या तत्त्वावर उभा आहे, ते तत्त्व या पेल्यातून निघाले आहे.

याच सुमाराला संगणक आले, आणि संगणकांना एकमेकांशी बोलायचे होते. नव्या तारा टाकणे परवडणारे नव्हते. टेलिफोनच्या तारा मात्र गावोगाव गेलेल्या होत्या. अडचण अशी, की ती तार माणसाच्या आवाजासाठी बेतलेली. सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातले स्वर तिच्यातून नीट जातात. संगणकाकडे स्वर नाहीत, त्याच्याकडे फक्त शून्य आणि एक. मग त्या शून्य-एकांना शिट्टीचे रूप द्यायचे ठरले. शून्यासाठी एक स्वर, एकासाठी जरा वरचा स्वर. बेल कंपनीने १९६२ साली आणलेल्या १०३ क्रमांकाच्या यंत्रात हाक देणारी बाजू शून्यासाठी १,०७० आणि एकासाठी १,२७० हर्ट्‌झचा स्वर वाजवायची. अंकांचे स्वर करणे म्हणजे मॉड्युलेशन आणि स्वरांचे पुन्हा अंक करणे म्हणजे डिमॉड्युलेशन. या दोन शब्दांची आद्याक्षरे जुळवून ‘मोडेम’ झाला. हे यंत्र सेकंदाला ३०० बिट पाठवी. सोळा ओळींची एक मराठी कविता आजच्या युनिकोडमध्ये साधारण १,२०० बाइटची होते. ती या यंत्रातून जायला अर्धा मिनिट लागला असता. माणूस ती साधारण तेवढ्याच वेळात वाचतो, म्हणजे तक्रारीला जागा नाही.

आता एका वेगळ्याच माणसाकडे वळू. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ. ते जन्मापासून बहिरे होते. टेलिफोन त्यांच्यासाठी टेबलावरचे एक मुके खेळणे होते. बेल यांची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नव्हते. तरी त्यांच्या शोधाने बहिऱ्या माणसांना आणखीच एकटे पाडले, कारण आता सगळे जग कानाने कामे उरकू लागले. वाइटब्रेख्ट यांच्या डोक्यात कल्पना आली की टेलिप्रिंटर फोनला जोडता आला तर अक्षरे तारेतून जातील आणि पलीकडचा बहिरा माणूस ती कागदावर वाचेल. पण यंत्र थेट तारेला जोडायला कंपनीची मनाई! म्हणून त्यांनी रिसीव्हर ज्यावर ठेवता येईल असा जोडणीचा डबा बनवला. यंत्र त्या डब्यात शिट्ट्या वाजवणार, रिसीव्हर त्या ‘ऐकणार’ आणि तारेतून पुढे नेणार. तारेला कुणी हातही लावलेला नाही. १९६४ साली वाइटब्रेख्ट आणि त्यांचे मित्र जेम्स मार्स्टर्स, हे दंतवैद्य आणि तेही बहिरे, या दोघांनी अशा यंत्रांवरून एकमेकांशी लेखी संभाषण केले. टेलिफोन निघाल्यानंतर ८८ वर्षांनी तो बहिऱ्या माणसाच्या कामी आला, आणि तो कंपनीच्या नियमाला वळसा घालून आला. या जोडणीच्या डब्याला ‘अकूस्टिक कपलर’ म्हणतात. पुढची पंधरा-वीस वर्षे संगणकवाल्यांनीही तोच वापरला. जुन्या इंग्रजी चित्रपटांत रबराच्या दोन वाट्यांत रिसीव्हर खोचलेला दिसतो ना, तोच हा.

नियमाला वळसा घालणे वेगळे आणि नियम मोडीत काढणे वेगळे. ते दुसरे काम टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी केले. तिथल्या तेलक्षेत्रांत माणसे मैलोन्‌मैल आत काम करत. त्यांच्याकडे बिनतारी संच असत, पण घरी किंवा कचेरीत फोन करायचा तर सोय नाही. कार्टर यांनी ‘कार्टरफोन’ नावाची एक बैठक तयार केली. ठाण्यावरच्या माणसाने फोनचा रिसीव्हर तिच्यावर ठेवला, की रानातल्या बिनतारी संचावरचा आवाज फोनच्या तारेत आणि तारेतला आवाज रानात. बिनतारी यंत्र आणि टेलिफोनचे जाळे यांची ही गाठ होती. आपला हॉटस्पॉट तरी दुसरे काय करतो? १९५९ ते १९६६ या काळात असे सुमारे ३,५०० संच विकले गेले. कंपनीने ते वापरणाऱ्यांची सेवा तोडण्याची धमकी दिली. कार्टर कोर्टात गेले, प्रकरण नियामकाकडे आले आणि २६ जून १९६८ रोजी निकाल लागला: जाळ्याला इजा होत नसेल, तर ग्राहक त्याला हवे ते यंत्र जोडू शकतो. त्यानंतर काही वर्षांत भिंतीतल्या खोबणीत बसणारी ती पारदर्शक प्लास्टिकची छोटी पिन प्रमाणित झाली आणि मोडेम थेट तारेला लागला. रबराच्या वाट्या अडगळीत गेल्या.

आपल्याकडे तेव्हा काय होते? आपल्याकडे तार सरकारची. १८८५ चा भारतीय तार कायदा इंग्रजांनी केला, तो स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. हे भाषण ऐकणाऱ्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल, की १९८० च्या दशकापर्यंत रेडिओ ऐकायलादेखील परवाना लागत असे. पोस्टात पैसे भरायचे आणि पुस्तिकेत तिकीट चिकटवून घ्यायचे. फोनसाठी तर वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. ज्यांच्याकडे तो येई, ते काळ्या डायलला छोटेसे कुलूप लावत आणि गल्लीतले चारजण निरोपासाठी त्यांच्या दारात उभे राहत. तार कोणाची, असा प्रश्न विचारायला आधी तार तर हवी!

मग १९९५ साली पंधरा दिवसांच्या अंतराने दोन दरवाजे उघडले. ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. तो देशातला पहिला मोबाइल कॉल मानला जातो. आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. दोन्ही बाळे एकाच पावसाळ्यातली, पण एकमेकांची ओळख नसलेली. इंटरनेट घरच्या तारेतून यायचे आणि येताना मोडेम किंचाळायचा, खरखरायचा. मोबाइल श्रीमंतांच्या हातात आणि केवळ बोलण्यापुरता.

या दोघांची गाठ कशी पडली, ते समजून घेण्यासारखे आहे. मोबाइलवर रबराच्या वाट्या लावून भागत नाही. जीएसएम पद्धतीचा फोन आपला आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. तो त्याला पिळून सेकंदाला सुमारे १३,००० बिटांत बसवतो, आणि हे पिळणे माणसाच्या बोलण्याला अनुसरून केलेले असते. त्यात मोडेमची शिट्टी टाकली तर पलीकडे भलतेच काही निघते. त्यामुळे मोबाइलने स्वतःच मोडेम व्हायचे ठरवले. म्हणजे लॅपटॉपसमोर त्याने मोडेमचे सोंग घ्यायचे आणि मोडेमच्या भाषेत उत्तरे द्यायची.

ही भाषा आधीच तयार होती. १९८१ साली हेज या अमेरिकी कंपनीने ‘स्मार्टमोडेम’ काढला. त्याला हुकूम द्यायचे तर सुरुवातीला ए आणि टी ही दोन अक्षरे टाइप करायची. ‘अटेन्शन’ या शब्दाची ती अक्षरे. आपल्या कवायतीतले ‘सावधान’ म्हणा ना. त्यापुढे डी लिहून आकडे दिले की मोडेम नंबर फिरवायचा. इतर कंपन्यांनी हीच पद्धत उचलली आणि जीएसएमच्या मानकांतही ती आली. त्यामुळे मोबाइल केबलने जोडला की लॅपटॉप म्हणायचा, ‘सावधान! फिरव नंबर!’ आणि फोन तो फिरवायचा. सुरुवातीला खरोखरच कॉल लागायचा आणि सेकंदाला ९,६०० बिट जायचे. २००० च्या आसपास जीपीआरएस आले. त्यात कॉल नाही, माहितीच्या पुडक्या सुट्या जातात. मग नंबर कोणता फिरवायचा? पण लॅपटॉप तर नंबरावर अडून बसलेला! म्हणून फुली-नव्व्याण्णव-हॅश असा एक नावापुरता नंबर ठरला. सीडीएमए फोनांत तोच हॅश-सातशे-सत्त्याहत्तर होता. तो नंबर कुणाच्याही घरी वाजत नव्हता. जुन्या सवयीला दिलेला तो मान होता, पाया पडल्यासारखा.

२००७ सालची गोष्ट. दापोलीजवळच्या खेड्यात आपाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, मी गेलो होतो. एका दिवाळी अंकाला कविता पाठवायची मुदत त्याच दिवशी संपत होती. घरात टेलिफोन होता, पण पावसात पडलेली तार दोन महिने तशीच पडून होती. भाचा इंजिनिअरिंगला. त्याने पडवीत पाटावर लॅपटॉप ठेवला आणि त्याच्या इन्फ्रारेडच्या लाल काचेसमोर फोन. इन्फ्रारेडचा प्रकार असा, की दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले पाहिजे; जरा हलले की संबंध तुटला. ‘मामू, तुम्ही फोन धरून बसा, पण हलू नका,’ असा त्याने मला हुकूम सोडला. कविता मराठी फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट संपादकांकडे नसला तर तिकडे नुसती खिचडी दिसणार, म्हणून तिची पीडीएफ केलेली. त्यामुळे सेकंदात जाणाऱ्या मजकुराला काही मिनिटे लागली. तेवढा वेळ मी मूर्तीसारखा बसून राहिलो. आपा आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, ‘फोटू काढताय काय?’

केबलच्या आणि डोळ्यांत डोळे घालण्याच्या त्या कटकटीतून ब्लूटूथने सोडवले. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन ते जाहीर केले. लॅपटॉप आणि मोबाइल यांना तारेविना जोडणे हा त्यामागच्या मूळ हेतूंपैकी एक होता. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ, म्हणजे निळ्या दाताचा हॅराल्ड, याच्यावरून ते नाव आले. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, अशी ख्याती. ब्लूटूथच्या चिन्हात त्याच्या नावाची आद्याक्षरे जुन्या नॉर्डिक लिपीत गुंफलेली आहेत. फोन खिशात ठेवूनही लॅपटॉप चालू लागला. पुढे २००८ मध्ये नोकियाच्या काही फोनांना वायफायचे केंद्र बनवणारा ‘जोइकूस्पॉट’ हा फिनलंडचा प्रोग्राम आला, आणि २०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत ही सोय फोनमध्येच मिळाली.

इथे १९५६ सालचा तो पेला पुन्हा समोर येतो. कंपन्यांच्या लक्षात आले, की फोनवर माणूस थोडी माहिती वापरतो आणि लॅपटॉपवर पुष्कळ. मग अमेरिकेत लॅपटॉप जोडण्यासाठी वेगळे पैसे मागणे सुरू झाले. आयफोनमध्ये ही सोय २००९ साली आली, पण अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने ती जून २०१० मध्ये उघडली, तीही महिना २० डॉलर जादा घेऊन. त्या २० डॉलरांत माहितीचा कोटा तसूभरही वाढत नव्हता! म्हणजे विकत घेतलेले तांदूळ तेवढेच. पण ते कुकरऐवजी पातेल्यात शिजवायचे तर वेगळे पैसे. लोकांनी पळवाटा काढल्या. जुलै २०१० मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने आयफोनसाठी विजेरीचे अॅप काढले. दिसायला साधी विजेरी. पण ठरावीक खटपट केली की तिच्यातून लॅपटॉपला इंटरनेट मिळायचे. लबाडी उघड होताच अॅपलने ते काढून टाकले. वाइटब्रेख्ट यांच्या डब्याची ही नातवंडेच म्हणायची.

व्हेरायझन या दुसऱ्या बड्या कंपनीचे प्रकरण नियामकापर्यंत गेले. या कंपनीने २००८ च्या लिलावात ज्या लहरी घेतल्या, त्यांच्यासोबत एक अट होती: ग्राहकाला त्याच्या पसंतीची उपकरणे आणि प्रोग्राम वापरायला आडकाठी करायची नाही. तरीही जोडणीचे प्रोग्राम अँड्रॉइडच्या दुकानात आपल्या ग्राहकांना मिळू नयेत, अशी मागणी कंपनीने केल्याची तक्रार झाली. जुलै २०१२ मध्ये कंपनीने १२.५ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले आणि तशी अडवणूक न करण्याचे मान्य केले. लहरी जनतेच्या असतात, कंपनीला त्या वापरण्यापुरत्या मिळतात. मालकीचा हा प्रश्न तिथे निदान विचारला तरी गेला.

आपल्याकडे मोबाइलच्या नेहमीच्या डेटा पॅकवर हॉटस्पॉटसाठी सहसा वेगळा आकार घेतला जात नाही. हे आपले भाग्यच. पण त्याच जातीचा एक प्रश्न आपल्याकडेही आला होता. काही संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे देऊन, असा बेत होता. त्यावर देशभर चर्चा झाली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मजकूर पाहून वेगवेगळा दर लावायला बंदी केली. मी एक जीबी विकत घेतला, तर त्यात कविता वाचायची की क्रिकेट पाहायचे, हे मी ठरवणार. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आले, दर कोसळले आणि खेड्यातल्या पोरांच्या हाती रोजचा डेटा आला.

याची किंमत २०२० च्या टाळेबंदीत कळली. शाळा पडद्यावर गेल्या. ज्या घरात तारेचे इंटरनेट नव्हते, आणि अशी घरेच जास्त, तिथे एक फोन हाच सगळ्या घराचा मोडेम झाला. बाप कामावर गेला की फोन त्याच्याबरोबर, आणि वर्ग बंद. काही ठिकाणी शेजाऱ्याने ओट्यावर फोन ठेवला आणि दोन घरांतली मुले त्यावर शिकली. पूर्वी गल्लीतल्या एका फोनवर सगळ्यांचे निरोप येत. तीच शेजारधर्माची रीत नव्या रूपात परत आली. कुलूप मात्र या वेळी डायलला नव्हते, पासवर्डला होते, आणि तो पासवर्ड भिंतीपलीकडे ओरडून सांगितला जात होता.

पण याच काळात देशाच्या एका भागात वेगळे चित्र होते. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये मोबाइल इंटरनेट बंद झाले. जानेवारी २०२० पासून ते टू-जी वेगाने हळूहळू परत येऊ लागले आणि फोर-जी ५ फेब्रुवारी २०२१ रोजी पूर्ववत झाले. टू-जीवर चित्रासह वर्ग चालवणे जवळपास अशक्यच. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सांगितले, की इंटरनेटवरून व्यक्त होणे आणि व्यवसाय करणे याला घटनेचे संरक्षण आहे, आणि इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही. सुरक्षेची कारणे असतात, ती सरकारला पाहावी लागतात, हे मान्य. पण ज्या देशात बहुतेकांचा लॅपटॉप फोनच्याच आधाराने चालतो, तिथे मोबाइलची सेवा थांबली की अर्ज भरणारा विद्यार्थी, मालाचा भाव पाहणारा शेतकरी आणि कविता पाठवणारा कवी हे सगळेच थांबतात. श्रीमंताच्या घरात तारेचा दुसरा रस्ता असू शकतो, गरिबाचा रस्ता एकच.

 १८८५ च्या तार कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्यातल्या पुष्कळ तरतुदी २६ जून २०२४ पासून अमलात आल्या. कार्टरफोनच्या निकालाचीही तारीख २६ जूनच. अर्थात हा योगायोग. सार्वजनिक सुरक्षेसाठी सेवा तात्पुरती थांबवण्याचा अधिकार या नव्या कायद्यातही सरकारकडे आहे. तो कधी, किती दिवस आणि कुणाला कारण सांगून वापरायचा, यावर लक्ष ठेवणे हे तुमचे-माझे काम आहे. एका पेल्यावरून कोर्टात जाणारी माणसे होती, म्हणून आज आपण शेजाऱ्याला सहज हॉटस्पॉट देतो. आपल्या पुढच्यांना ते तितकेच सहज देता यावे, एवढी जाग आपणही ठेवली पाहिजे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)